वायरीला आवाज असतो का?

1970च्या दशकापर्यंत स्पीकरची वायर हा विकायचा माल नव्हता. अमेरिकेत स्टीरिओ घेतला की दुकानदार टेबललॅम्पला लावतात तसली जोडवायर चार-आठ मीटर कापून सोबत द्यायचा. दशक संपता संपता चित्र बदललं. लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत इंजिनिअर म्हणून काम केलेले, ड्रम वाजवणारे नोएल ली यांनी सॅन फ्रान्सिस्कोत जाडजूड स्पीकर-वायर विकायला काढली आणि तिला नाव दिलं मॉन्स्टर केबल. फुकट मिळणाऱ्या वस्तूला ब्रँड मिळाला, वेष्टन मिळालं, दुकानात मांडणीची जागा मिळाली. अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर विकून दुकानदाराला सुटायचे त्यापेक्षा टक्केवारीने अधिक पैसे या वायरीत सुटू लागले. ‘वायर बदलली आणि आवाज खुलला’ हे वाक्य तेव्हापासून सुरू झालं, ते अजून थांबलेलं नाही.

याच काळातली दुसरी वायर कमी लोकांना आठवते. पोल्क ऑडिओ या अमेरिकी स्पीकर कंपनीने कोब्रा नावाची केबल बाजारात आणली होती. केसासारख्या तारांवर प्रत्येकी स्वतंत्र इन्सुलेशन, आणि त्या सगळ्या एकमेकींत विणलेल्या. देखणी होती. तिच्या मागचं शास्त्रही थोतांड नव्हतं, कारण अशा विणीमुळे वायरीचा इंडक्टन्स, म्हणजे झपाट्याने बदलणाऱ्या प्रवाहाला होणारा तिचा विरोध, कमी होतो. काही लोकांच्या घरी मात्र ही केबल लावल्यावर अ‍ॅम्प्लिफायर तापले, काहींचे जळाले.

कारण समजण्यासारखं आहे. दोन तारा एकमेकींच्या जवळ, भरपूर लांबीभर चिकटून धावल्या की त्यांच्यात विद्युतभार साठतो. त्यांचा कपॅसिटन्स वाढतो. ट्रान्झिस्टरवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर आपल्या आउटपुटचा काही भाग परत इनपुटकडे घेऊन चुका दुरुस्त करत असतो. आउटपुटला मोठा कपॅसिटन्स टांगला की ही परतफेड उशिरा पोचते, आणि दुरुस्तीऐवजी चुकीलाच बळ मिळतं. गणपतीच्या मंडपात माइक स्पीकरसमोर गेला की जी शिट्टी सुटते, तोच हा प्रकार. फरक इतकाच की ही शिट्टी लाखो हर्ट्झवर असते आणि माणसाला ऐकू येत नाही. अ‍ॅम्प्लिफायर मूकपणे ओरडत राहतो आणि त्याचे आउटपुट ट्रान्झिस्टर भाजून निघतात. म्हणून बहुतेक कंपन्या आउटपुटला तारेचं एक छोटं वेटोळं बसवतात. ते या भाराला अडवतं.

इंग्लंडच्या नेम कंपनीच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये हे वेटोळं नव्हतं. ते काम स्पीकरच्या वायरीनेच करावं अशी रचना होती. त्यामुळे स्पीकर अ‍ॅम्प्लिफायरला खेटून ठेवला असला तरी वायर किमान साडेतीन मीटर लांब हवी, असा कंपनीचा आग्रह असे. अशा यंत्राला कोणी ‘आखूड वायर चांगली’ म्हणून एक मीटरची महागडी, कमी इंडक्टन्सची केबल लावली, तर तो पैसे देऊन यंत्राचा तोल घालवत असतो.

म्हणजे वायर बदलून आवाज बदलतो का, या प्रश्नाचं पहिलं उत्तर ‘हो’ असं आहे. पण बहुतेक वेळा तो बदल बिघाडाच्या दिशेने असतो. वायरीकडून जास्तीत जास्त अपेक्षा ठेवायची ती एवढीच, की तिने काही करू नये. अ‍ॅम्प्लिफायरमधून जे निघालं ते स्पीकरपर्यंत तसंच पोचावं. यापेक्षा चांगलं काही करणं तिच्या हातात नाही. वाईट करण्याचे मार्ग मात्र बरेच आहेत.

वायर संदेशाची कशी नासाडी करते हे माणसाला पहिल्यांदा कळलं ते समुद्राच्या तळाशी. 1858 साली अटलांटिकखालून टाकलेल्या पहिल्या तारेवरून राणी व्हिक्टोरियाचा 98 शब्दांचा संदेश जायला सोळा तास लागले. वाइल्डमन व्हाइटहाउस या तार कंपनीच्या इलेक्ट्रिशियनने सुमारे दोन हजार व्होल्ट लावून जोर वाढवायचा प्रयत्न केला आणि काही आठवड्यांत ती तार मेली. पुढे लॉर्ड केल्विन झालेले विल्यम थॉमसन आधीपासून सांगत होते की अडचण जोराची नाही, लांबीची आहे: रोध आणि कपॅसिटन्स दोन्ही लांबीबरोबर वाढतात, म्हणून लांबी दुप्पट झाली की संदेश चौपट रेंगाळतो. ही समज पक्की झाल्यावर, 1870 साली ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने मुंबईहून एडनपर्यंत तार टाकली तेव्हा मुंबईचा संदेश लंडनला दिवसांऐवजी मिनिटांच्या हिशोबात जाऊ लागला.

केबलच्या जाहिरातींत हेच शास्त्र उसनं घेतलेलं असतं. तरंगांचं परावर्तन, वेगवेगळ्या स्वरांचा वेगवेगळा वेग, वगैरे. हे सगळं खरं आहे, फक्त कित्येक किलोमीटरच्या तारेसाठी. माणसाला ऐकू येणारा सगळ्यात बारीक स्वर वीस हजार हर्ट्झचा. वायरीतून जाताना त्याची तरंगलांबी सुमारे दहा किलोमीटर भरते. आपल्या दिवाणखान्यात वायर तीन मीटर. एवढ्या तुकड्यात तरंग नावाची गोष्ट घडायला जागाच नाही.

मग घरातल्या स्पीकर-वायरीत उरतो तो मुख्यतः साधा रोध, आणि तो पानवाल्याच्या हिशोबाइतका सरळ मोजता येतो. अ‍ॅम्प्लिफायरपासून स्पीकर पाच मीटरवर आहे असं धरू. जाऊन-येऊन तांब्याची लांबी दहा मीटर. अर्धा चौरस मिलिमीटरची बारीक वायर वापरली तर रोध सुमारे 0.4 ओहम होतो. घरातल्या प्लग-पॉइंटला इलेक्ट्रिशियन ओढतो तसली अडीच चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर 0.08 ओहम.

आठ ओहमच्या स्पीकरपुढे 0.4 म्हणजे किरकोळ वाटेल. पण ‘आठ ओहम’ हे पाठीवर छापायचं नाव आहे. खरा स्पीकर एका स्वराला तीन-चार ओहम दाखवतो, दुसऱ्याला वीस. बारीक वायर जिथे स्पीकर तीन ओहमचा आहे तिथे एक डेसिबल खाते, आणि जिथे वीसचा आहे तिथे 0.2 डेसिबलसुद्धा नाही. म्हणजे वायरीने गुपचूप टोन कंट्रोल फिरवला. जवळजवळ एका डेसिबलचा हा उंचसखलपणा कान देऊन ऐकणाऱ्याला जाणवू शकतो. अडीच चौरस मिलिमीटरला हाच फरक 0.2 डेसिबलच्या आत येतो, आणि त्यानंतर वायर आणखी जाड केली तर कागदावरचे आकडे हलतात, कान हलत नाहीत. मॅकिंटॉश या अमेरिकी कंपनीत स्पीकर घडवणारे रॉजर रसेल यांनी सोपा नियम सांगितला होता: वायरीचा एकूण रोध स्पीकरच्या रोधाच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवा आणि झोपा. चार ओहमचे स्पीकर असतील किंवा वायर भिंतीकडेने फिरवून दहा मीटर न्यावी लागत असेल तर चार चौरस मिलिमीटर घ्या. एवढाच हिशोब.

आणि स्पीकरच्या पेटीत काय असतं? शंकू हलवणारं वेटोळं दहा-वीस मीटर केसासारख्या तारेचं असतं. त्याआधी क्रॉसओव्हरमध्ये (खर्ज आणि बारीक स्वर वेगळे करणाऱ्या सर्किटमध्ये) आणखी एक गुंडाळी, जिचा स्वतःचा रोध पुष्कळदा 0.3 ओहमच्या आसपास. या सगळ्यातून प्रवाह जाणार आहे हे माहीत असताना बाहेरच्या तीन मीटरना अंगठ्याएवढं जाड चांदीचं कवच चढवण्याला मी तरी दागिना म्हणेन. चांदी तांब्यापेक्षा सहा-सात टक्के बरी वाहक आहे. तेवढा फायदा वायर किंचित जाड घेऊन मिळतो. ‘ऑक्सिजनमुक्त तांबं’ हेही असंच. साध्या चांगल्या विजेच्या तांब्यात आणि त्यात वाहकतेचा फरक एखाद्या टक्क्याचा.

1983 साली ‘स्टीरिओ रिव्ह्यू’ मासिकात लॉरेन्स ग्रीनहिल यांनी हे कानांनी तपासलं. सुमारे नऊ मीटरच्या तीन वायरी घेतल्या: मॉन्स्टर केबल, लॅम्पची जाडशी वायर, आणि दुकानात फुकट मिळणारी दोऱ्यासारखी बारीक वायर. कोणती वाजते आहे हे ऐकणाऱ्यांना सांगितलेलं नव्हतं. संगीत ऐकताना मॉन्स्टर आणि लॅम्पची वायर यांतला फरक कोणाला ओळखता आला नाही. बारीक वायर मात्र मागे पडली, आणि तिचा दोष मोजता येणारा होता: जास्त रोध. मला या प्रयोगात आवडतं ते हे, की तो दोन्ही बाजूंची दांडी उडवतो. ‘सगळ्या वायरी सारख्या’ म्हणणारेही चुकले आणि मॉन्स्टरवाल्यांनाही लॅम्पच्या वायरीपुढे जाता आलं नाही.

आपल्या बाजारात मात्र एक सापळा आहे जो त्या प्रयोगात नव्हता. पारदर्शक वेष्टनातली, लालसर चमकणारी, जाडजूड आणि स्वस्त स्पीकर-वायर हातात घेऊन बघा. हलकी लागते. आत अ‍ॅल्युमिनिअम आणि वरून तांब्याचा मुलामा. अशी वायर शुद्ध तांब्याच्या सुमारे दोन-तृतीयांश वाहक असते, म्हणजे अडीचची म्हणून घेतलेली वायर दीड-पावणेदोनचं काम करते. वजन तांब्याच्या निम्म्याहून कमी. ब्लेडने एक तार खरवडली की आतून पांढरी निघते. उलट, बाहेरून पांढरी आणि आतून लाल निघाली तर ती कथिल चढवलेली तांब्याची तार, ती उत्तम. तांब्याचा मुलामा दिलेल्या तारा वाकवता वाकवता तुटतात आणि स्क्रूखाली काही महिन्यांत सैल पडतात. ब्रँडचं नाव असलेली ही वायर सोडून घरफिटिंगची लवचिक तांब्याची वायर लावणं हा खराखुरा सुधार आहे, तोही पैसे वाचवून.

आता स्पीकरची वायर सोडून अलीकडच्या वायरीकडे येऊ: प्लेअरपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत जाणारी, दोन टोकांना पिना असलेली. इथे प्रवाह नगण्य असतो, त्यामुळे जाडीचा प्रश्न येत नाही. सीडी प्लेअर किंवा डॅकच्या बाबतीत कपॅसिटन्सचाही येत नाही; एखाद-दोन मीटर केबलचा परिणाम ऐकू येण्याच्या कक्षेच्या कितीतरी वर सुरू होतो. इथे प्रश्न येतो तो घरघरीचा. कॉम्प्युटर, सेट-टॉप बॉक्स आणि अ‍ॅम्प्लिफायर एकमेकांना जोडले की अर्थिंगचे दोन रस्ते तयार होतात, एक भिंतीतल्या तीन पिनांतून आणि एक केबलच्या बाहेरच्या जाळीतून. या कड्यातून पन्नास हर्ट्झचा चोरटा प्रवाह फिरतो. जाळीचा रोध जेवढा जास्त, तेवढी घरघर जास्त. म्हणून भरगच्च विणलेल्या तांब्याच्या जाळीची केबल इथे खरोखर फरक पाडते. काही हौशी कंपन्या ‘आवाज मोकळा व्हावा’ म्हणून जाळीच न घालता नुसत्या वेणीच्या तारा विकतात. मोबाइलची खरखर, पंख्याच्या रेग्युलेटरची कुरकुर असं सगळं त्या गोळा करून आणतात. (घरघर थांबवायला अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगची अर्थिंगची पिन कापणारे महाभाग अजून भेटतात. कृपा करून तसं करू नका. ती पिन तुमचा जीव वाचवायला आहे.)

वायर खऱ्या अर्थाने ‘ऐकू’ येते अशी घरातली सर्वांत ठळक जागा टर्नटेबल आहे, आणि गंमत म्हणजे केबलच्या गप्पांत तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. नेहमीच्या लोहचुंबकी काट्रिजमध्ये (सुई बसवलेल्या भागात) हजारो वेढ्यांची गुंडाळी असते. तिचा इंडक्टन्स सुमारे अर्धा हेन्री. अशी गुंडाळी आणि केबलचा कपॅसिटन्स मिळून एका ठरावीक स्वराला झुलू लागतात. एकूण कपॅसिटन्स 200 पिकोफॅरड असेल तर हा झोका सोळा हजार हर्ट्झच्या आसपास पडतो, बहुतेकांच्या ऐकण्याच्या कडेवर. आता कोणी हौसेने जाड, दाट इन्सुलेशनची महाग केबल लावली आणि एकूण 400 झाले, की झोका घसरून अकरा हजारांवर येतो. झांजा, तंबोऱ्याची जवारी, ‘स’ आणि ‘श’ या सगळ्यांवर एक धार चढते आणि तिच्या वरचं सगळं एकदम कोसळतं. ऐकणारा म्हणतो, डिटेल वाढला. खरं तर त्याने रेकॉर्डवर नसलेला एक उंचवटा विकत घेतलेला असतो. काट्रिजच्या माहितीपत्रकात किती पिकोफॅरड हवेत ते छापलेलं असतं, 100 ते 200 वगैरे. टोनआर्मची वायर, केबल आणि फोनो इनपुट यांची बेरीज त्यात बसवायची. आखूड, कमी कपॅसिटन्सची साधी केबल इथे महाग केबलला मात देते. मूव्हिंग कॉइल काट्रिजला ही डोकेदुखी नसते, तिची गुंडाळी अगदी मोजक्या वेढ्यांची असते.

तरीही, वायर बदलल्यावर फरक ऐकलेला माणूस खोटं बोलत नसतो. पुष्कळदा आवाज खरंच बदललेला असतो, फक्त श्रेय चुकीच्या खात्यावर जमा होतं. मुंबई, रत्नागिरी, पणजीच्या दमट खाऱ्या हवेत पिनांवर आणि सॉकेटवर ऑक्साइडचा थर चढतो; तांब्याची टोकं हिरवी पडतात. चार वर्षं न हलवलेली पिन उपसून नवी घातली की घर्षणाने तो थर पुसला जातो आणि आवाज खुलतो. जुनीच पिन काढून परत घातली असती तरी तेच झालं असतं. म्हणून कोणतीही केबल घेण्याआधी जुन्या पिना काढा, काँटॅक्ट क्लीनरने पुसा, स्पीकरच्या वायरीची काळवंडलेली टोकं कापून नवं तांबं उघडं करा, स्क्रू घट्ट करा. सोन्याचा मुलामा असलेल्या पिनांना मी नावं ठेवणार नाही. किनाऱ्यावरच्या घरात त्यांचा उपयोग आहे, कारण सोनं गंजत नाही.

दुसरं कारण जास्त मजेशीर. नवी वायर लावताना एका स्पीकरची लाल-काळी टोकं उलटी लागतात. मग डावा शंकू बाहेर येतो तेव्हा उजवा आत जातो. दोघांचा खर्ज एकमेकांना खाऊन टाकतो आणि मधोमध उभा असलेला गायक विरघळून खोलीभर पसरतो. ‘स्टेज केवढं मोठं झालं बघा’ असं म्हणायला हा अगदी सोयीचा क्षण. तपासायला एखादं जुनं मोनो ध्वनिमुद्रण लावा. आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मध्यातून यायला हवा. येत नसेल तर एकाच स्पीकरची टोकं उलटा आणि पुन्हा ऐका.

डिजिटल केबलबद्दल थोडक्यात. एचडीएमआय, यूएसबी किंवा नेटवर्कच्या केबलमधून आकडे जातात. ते पोचतात किंवा अडखळतात, आणि अडखळले तर आवाज तुटतो, ‘मऊ’ होत नाही. 2008 साली डेनॉन कंपनीने दीड मीटरची नेटवर्क केबल 499 डॉलरला काढली होती, वर सिग्नल कोणत्या दिशेने जावा याचे बाणही छापलेले. यंत्रं तिच्यातून दोन्ही दिशांना बोलत असताना. आदल्या वर्षी अद्भुत दाव्यांची शहानिशा करणारे जादूगार जेम्स रँडी यांनी 7,250 डॉलरच्या स्पीकर-केबलचा फरक डोळे झाकून ओळखणाऱ्याला आपलं दहा लाख डॉलरचं बक्षीस देऊ केलं होतं; एक नामवंत समीक्षक तयारही झाला, पण केबल बनवणाऱ्या कंपनीने अंग काढून घेतलं आणि चाचणी झालीच नाही. दोन्ही बाजूंनी त्यातून हवा तो अर्थ काढला.

घरच्या घरी चाचणी करायची तर रँडी लागत नाहीत. मित्राला अ‍ॅम्प्लिफायरमागे बसवा आणि तुम्ही पाठ करून बसा. आधी मल्टीमीटरने स्पीकरच्या टोकांवरचं व्होल्टेज दोन्ही वायरींना सारखं करून घ्या, कारण किंचित मोठा आवाज माणसाला नेहमी ‘चांगला’ वाटतो. तुकडा काही सेकंदांचाच ठेवा. कानाची बारीक आठवण तेवढीच टिकते. वायर बदलायला पाच मिनिटं घालवून मग ‘तबल्याचा बायाँ भरदार झाला’ म्हणणं ही आठवणीशी तुलना असते. मित्राने दर वेळी नाणं उडवून वायर निवडावी, आणि बदल झाला नाही तरी वायर काढून घालण्याचं नाटक करावं, नाहीतर खुडबुडीवरूनच कळतं. अशा दहा खेपा करा. नुसत्या अंदाजाने दहापैकी सात किंवा अधिक बरोबर यायची शक्यता सतरा टक्के असते, त्यामुळे सातला फार हुरळू नका. नऊ बरोबर आले तर फरक खरा धरा, आणि मग मीटर घेऊन जुन्या वायरीचा रोध मोजायला बसा.